पहिल्या रांगेचा मान

सहलीत नाव नोंदवायला कोणी आलं की मी तीन प्रश्न विचारते. काय खात नाही? कोणती औषधं चालू आहेत? आणि काय बघायचं राहिलं तर घरी परतल्यावर चुटपुट लागेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक सविस्तर देतात. कांदा, लसूण, अंडं, मशरूम ("ते नक्की काय असतं तेच कळत नाही, म्हणून नको"), बीपी, शुगर, दोन्ही गुडघे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेक जण "तुम्ही दाखवाल ते" म्हणून मोकळे होतात. स्वतःला काय हवं ते मोठ्याने सांगायची आपल्याला लाज वाटते. ब्रिटनमध्ये आयुष्य काढून ती लाज कमी होत नाही, उलट इथल्या लोकांच्या संकोचाची तिच्यात भर पडते.

मी मिल्टन कीन्सला राहते आणि इथल्या मराठी ज्येष्ठांच्या लहान सहली नेते. आमच्या गटात हॉस्पिटलांतून निवृत्त झालेले डॉक्टर असतात, बँकेतले, कौन्सिलमधले लोक असतात, काही जणांची मुलं आयटीत असतात. हॉटेल आणि विमान हल्ली कोणीही फोनवरून बुक करतं, मग माझं काम काय उरतं, असं मला विचारतात. माझं काम म्हणजे न बोललेलं ओळखणं. व्हीलचेअर नको म्हणणाऱ्या माणसाला एअरपोर्टवर नेमकी कधी विचारायची? तर बायको समोर नसताना. एकदा लेक डिस्ट्रिक्टच्या गेस्ट हाऊसमध्ये एका काकांनी खोलीत लपवून आणलेल्या हॉटप्लेटवर पोह्यांना फोडणी दिली आणि फायर अलार्म वाजून सगळी इमारत पावसात उभी राहिली. मालकीणबाईंची माफी मागितली, ती मी. पोहे मात्र तिने खाल्ले, आणि पुढच्या वर्षी "त्या पिवळ्या भाताचं काय झालं" असं विचारलंसुद्धा.

माझा एक नियम आहे, गट मोडायचा नाही. तो नियम मला एडिनबराने शिकवला. दोघी जावा "पाच मिनिटांत शाल घेऊन येतो" म्हणून गेल्या. इथल्या कोच ड्रायव्हरला दिवसात किती वेळ गाडी चालवायची याची कायद्याने मर्यादा असते. जावा परत येईपर्यंत त्याचा वेळ संपला. त्याने शांतपणे इंजिन बंद केलं, सँडविच उघडलं, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला दुसऱ्या ड्रायव्हरची वाट बघत बसलो. शाल सुंदर होती, पण ती बघायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. तेव्हापासून माझ्या हातात एक काठी असते, तिच्या टोकाला जुन्या पैठणीच्या काठाची पट्टी बांधलेली. काठी दिसेल तिथे गट. काठी सोडून कोणी कुठे जायचं नाही.

हा नियम मी एकदाच मोडला. ती हकीकत सांगायची म्हणून लिहायला बसले.

अमेरिकेच्या सहलीत लास वेगासचे तीन मुक्काम होते. तिथे कंट्री गाणाऱ्या एका नावाजलेल्या बाईंचा कार्यक्रम होता. कंट्री म्हणजे अमेरिकेतली गावाकडची गाणी. आई, घर, मोडलेलं लग्न, लांबचा रस्ता, असे विषय आणि साथीला गिटार, व्हायोलिन. एरवी गायक गावोगाव फिरतात. वेगासमध्ये काही गायक एकाच थिएटरमध्ये महिनोन्महिने ठाण मांडतात आणि श्रोतेच जगभरातून त्यांच्याकडे येतात. याला रेसिडेन्सी म्हणतात. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर "वेगासला रेसिडेन्सी शो" एवढंच लिहिलं आणि फोन वाजायला लागला. एका आजोबांनी विचारलं, "तिथे पण आधी पाच वर्षं राहावं लागतं का हो?" त्यांच्या मुलाचे कायम वास्तव्याचे कागद तेव्हा होम ऑफिसकडे होते. एका निवृत्त सर्जनबाईंनी लिहिलं, "रेसिडेन्सी कशात? मेडिसिनमध्ये की सर्जरीमध्ये?"

हा कार्यक्रम कोणी तरी मागितला म्हणून सहलीत आला होता. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर ज्यांनी दिलं, ते म्हणजे वॉटफर्डचे डॉक्टर लिमये.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. फोनवर त्यांना ऐकू येत नसे, म्हणून त्यांच्या पत्नी सुधाकाकूंनी मला घरीच बोलावलं. डॉक्टर चांगला कान माझ्याकडे करून बसले.

"एक कान केव्हाच रिटायर झाला," ते म्हणाले. "दुसरा नोटीस पिरियडवर आहे."

थंडीत त्या दुसऱ्या कानाचं ऑपरेशन ठरलं होतं. कानाच्या आत बारीक तार बसवतात आणि बाहेरचं यंत्र तिच्यातून थेट नसेला संदेश देतं. त्याने बोलणं समजेल, नातवाशी फोनवर गप्पा मारता येतील. पण त्या कानाला स्वतःचं जे थोडं ऐकू येतं, ते बहुतेक जाईल.

"यंत्राला शब्द जमतात, मेधाताई. मींड जमत नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान हॉस्पिटलात ते नवे असताना तिथला सर्जन ऑपरेशन करताना कंट्रीच्या कॅसेट लावायचा. भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्याशी बसतो, तसे हे बसायचे आणि ऐकायचे. त्या गाण्यांत एक स्टील गिटार असते. मांडीवर आडवी ठेवल्यासारखी, तारांवरून धातूची कांडी सरकवत वाजवतात. तिचा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो. "भूल चढताना माणूस असाच उतरतो," डॉक्टर म्हणाले. "पायऱ्या नसलेल्या उतारावरून. मला ते वाद्य तिथेच कळलं." बोलता बोलता त्यांचा तळवा गुडघ्यावरून सावकाश पुढे सरकला. वेगासच्या या गाणाऱ्या बाईंचं एक जुनं गाणं आहे, त्यात शेवटी त्यांचा आवाज आणि ती गिटार बरोबरीने खाली येतात. ते एकदा समोर बसून, स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं. यंत्र बसण्याआधी.

"मला म्हणाले, ऑपरेशननंतर तुझा आवाज वेगळा ऐकू येईल," सुधाकाकू चहा ठेवत म्हणाल्या. "म्हटलं बरंच झालं. या आवाजात सांगितलेलं तुम्ही एवढी वर्षं ऐकलं नाहीच."

"हे गटात कोणाला सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "कळलं की सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागतात."

मी शब्द दिला आणि कामाला लागले. त्यांच्या हिअरिंग क्लिनिकमध्ये विचारलं. तिथल्या मुलीने सांगितलं, थिएटरच्या मध्यावर साऊंड डेस्क असतं. आवाजाचा समतोल साधणारा तंत्रज्ञ तिथे बसतो, कारण सगळ्यांत नीट आवाज तिथे पोचतो. स्टेजच्या अगदी पुढे मोठ्या स्पीकरांचा आवाज डोक्यावरून जातो आणि कानावर फक्त ड्रम आदळतो. थिएटरकडून कानात घालायला रिसीव्हर मिळतो, तोही मी सुचवला. डॉक्टर म्हणाले, "यंत्रातूनच ऐकायचं तर पुढे आयुष्य पडलंय." मी दोघांसाठी डेस्कला लागून असलेल्या दोन खुर्च्या मिळवल्या. गटाला आमच्या नेहमीच्या, बेताच्या दरातल्या रांगा होत्या आणि प्रभाताई वानखेड्यांना पहिली रांग.

प्रभाताई मूळच्या नागपूरच्या, वॉटफर्डच्या एका शाळेत किचन सांभाळून निवृत्त झालेल्या. आवाज असा की पोरं एका हाकेत रांगेत उभी राहत असतील. त्यांच्या लेकीने साठीची भेट म्हणून पहिल्या रांगेतली दोन तिकिटं घेतली होती, त्यांचं आणि त्यांच्या बहिणीचं.

त्या संध्याकाळी थिएटरला जायला कसिनोतूनच वाट होती. तिथे ती तशीच असते, काहीही करायचं असलं तरी आधी जुगाराच्या यंत्रांमधून चालत जावं लागतं. मी काठी उंच धरून पुढे. मागून प्रभाताईंचा आवाज, "कुठेच घड्याळ नाही बाप्पा! म्हणजे घरची आठवण येऊ नये म्हणून का?" दारावर बॅगा तपासत होते. आमच्यातल्या एका काकूंच्या पर्समध्ये फराळाचा डबा निघाला आणि चकली म्हणजे काय हे मी गार्डला समजावत बसले. आत पोचले तेव्हा दिवे मालवत होते. मागच्या भिंतीशी उभी राहून नेहमीप्रमाणे मी आमची डोकी शोधली. साऊंड डेस्कजवळ प्रभाताई आणि त्यांची बहीण बसल्या होत्या. डॉक्टर आणि सुधाकाकू पहिल्या रांगेत.

काय झालं असेल ते मला न बघताच कळलं. आपल्याकडे नाटकाची पहिली रांग म्हणजे मान. तिथे डॉक्टर, पाहुणे, वयाने मोठे. प्रभाताईंनी डॉक्टरांना मध्ये बसलेलं बघितलं असणार आणि हाताला धरून उठवलं असणार. नंतर सुधाकाकूंनी सांगितलं ते शब्दशः तसंच होतं. "डॉक्टर, तुम्ही मागे आणि मी पुढे? हे बरं दिसतं का? उठा!" आणि डॉक्टरांना भीड पडली. एवढ्या मायेने दिलेली लेकीची भेट नाकारायची कशी? नाकारायची तर कारण सांगावं लागलं असतं.

कार्यक्रम सुरू झाला. गाणाऱ्या बाई पांढऱ्या कपड्यांत, गप्पा मारत, हसवत. लोक उभे राहून गात होते. मी कडेच्या वाटेने पुढे सरकले आणि अंधारात डॉक्टरांचा हात शोधत राहिले. त्यांचं ते गाणं अगदी शेवटी आलं, तेव्हाही हात गुडघ्यावर मूठ वळून होता.

बाहेर पडताना प्रभाताईंनी विचारलं, "कसं वाटलं डॉक्टर?"

"छान. फार छान. उपकार झाले तुमचे."

मी काठी उंच केली आणि पुढे चालायला लागले. शब्द दिला होता.

सकाळी नाश्त्याला गेले तर दोघं कोपऱ्यात. मी खुर्ची ओढली.

"डॉक्टर, खरं सांगा."

"छान झालं हो. आवाज मोठा होता, एवढंच."

"काय छान?" सुधाकाकू म्हणाल्या. "ढोलाशिवाय यांना काही ऐकू आलं नाही. त्या गिटारवाल्याचा हात हलताना दिसत होता, आणि हे त्याच्याकडे टक लावून बसलेले. ऐकू येत नाही ते डोळ्याने ऐकल्यासारखे."

मागे ट्रे आपटल्याचा आवाज झाला. प्रभाताई टोस्ट घेऊन आल्या होत्या.

"म्हणजे माझ्या सीटमुळे?"

"नाही, नाही, तसं नाही," डॉक्टर घाईने म्हणाले.

"तसंच आहे," सुधाकाकू म्हणाल्या, आणि ऑपरेशनपासून सगळं सांगून टाकलं. डॉक्टर खाली मान घालून टोस्टला लोणी लावत राहिले. एका टोस्टला दोनदा लावलं.

प्रभाताई खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता रडतील.

"काहून नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या. "मी काय तुम्हाला खाऊन टाकणार होते? शाळेत तीनशे पोरं नाही म्हणायची मला, भाजी नको म्हणून. तुम्हाला एक नाही म्हणता येत नाही?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने..."

"प्रेमाला काय जाळायचंय? मेधाताई, आज परत आहे का तो कार्यक्रम?"

होता. पण त्या दिवशी गट आधीच ठरलेल्या कॅन्यनच्या, म्हणजे तिथल्या प्रचंड दरीच्या, सहलीला निघायचा होता आणि दुसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान. कॅन्यनहून परत यायला संध्याकाळ उलटणार होती. दोन्ही जमणार नव्हतं. बसबरोबर तिथला गाइड होता, पण आमची माणसं मोजायला, गोळ्यांची आठवण करायला, जिने टाळायला मला जाणंच भाग होतं. मी हे सगळं बोटांवर मोजत सांगायला लागले.

"नियम, नियम," प्रभाताई म्हणाल्या. "ती काठी द्या इकडे."

मी काठीकडे बघितलं. इतक्या वर्षांत ती मी कोणाच्या हातात दिली नव्हती. टॉयलेटला जातानाही बरोबर नेत असे.

"आणि तिकीट मिळालं नाही तर?" डॉक्टर म्हणाले. "तुमची दरी बुडेल, मेधाताई."

"दरी काय कुठे जाते," प्रभाताईंनी मला उत्तर द्यायची संधीच दिली नाही. काठी घेऊन त्या उठल्या आणि त्यांचा शाळेतला आवाज सगळ्या हॉलभर गेला, "चला, ज्यांचं खाऊन झालं त्यांनी रांग करा!" शेजारच्या टेबलावरचे दोन अनोळखी अमेरिकनसुद्धा उभे राहिले.

बस गेली. मी तिकीट खिडकीशी जाऊन उभी राहिले. आत माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, केस उंच बांधलेले, गळ्यात चष्म्याची साखळी. कार्यक्रम पूर्ण भरला होता. मी म्हटलं, डेस्कजवळची एक खुर्ची हवी आहे, आणि का हवी ते सांगितलं. आमच्या धंद्यात खोटं कारण सांगून बरंच मिळवता येतं, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव आहे की खिडकीच्या आत बसलेल्या माणसाने सगळी खोटी कारणं ऐकलेली असतात. खरं ऐकलं की तो दचकतो.

"तुमच्या डॉक्टरांना तेच गाणं हवंय ना? शेवटचं?" त्यांनी विचारलं.

"हो. आज ते म्हणतील ना?"

"हनी, त्या रोज म्हणतात. म्हणून तर याला रेसिडेन्सी म्हणतात. काल हुकलेल्यांसाठी आज असते."

डेस्कजवळच्या काही खुर्च्या थिएटर तंत्रज्ञांसाठी राखून ठेवतं आणि गरज नसेल तर दुपारनंतर सोडतं. त्यांनी मला जेवून यायला सांगितलं. परत गेले तेव्हा डेस्कला लागून एक खुर्ची आणि तिच्या तिरक्या मागे दोन, एवढं काढून ठेवलं होतं. मी आभार मानायला लागले तर त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांनाही कमी ऐकू यायचं," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

डॉक्टर एकटे पुढे, सुधाकाकू आणि मी मागे. साऊंडच्या माणसाने डॉक्टरांनी एक कान स्टेजकडे वळवलेला बघितला, आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली आणि पुन्हा बटणांकडे वळला.

इथे मला एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. इतकी वर्षं लोकांना मी नाटकं, किल्ले, धबधबे, म्युझियम दाखवली, पण स्वतः काही धड बघितलं नाही. मी भिंतीशी उभी राहून माणसं बघते. त्या संध्याकाळी मोजायला माणसंच नव्हती. मी बसले, आणि ऐकलं. बाईंनी आदल्या दिवशीचेच विनोद सांगितले, त्याच जागी थांबल्या, त्याच जागी हसल्या, आणि तरी समोरच्या माणसाला ते आजच सुचल्यासारखं वाटत होतं. तेच तेच रोज करूनही ते नवं ठेवणं काय असतं, हे मला माझ्या कामामुळे थोडं कळतं. मनातल्या मनात मी त्यांना नमस्कार केला.

शेवटचं गाणं आलं. गिटारवाल्याने कांडी तारांवर टेकवली. सुधाकाकूंनी माझा हात धरला, आम्ही दोघी स्टेजकडे न बघता डॉक्टरांच्या गुडघ्याकडे बघत होतो. मूठ होती. बाईंचा आवाज वर गेला, तिथे थरथरला आणि गिटारबरोबर खाली यायला लागला. मूठ उघडली. तळवा गुडघ्यावरून सावकाश पुढे सरकला, अगदी टोकापर्यंत, आणि सूर विरल्यावरही तिथेच राहिला.

"आलं," सुधाकाकू म्हणाल्या. एवढंच.

कॅन्यनची बस परतली तेव्हा प्रभाताई काठी घेऊन सर्वांत पुढे होत्या. एकही माणूस हरवला नव्हता, उलट एक जास्त आला होता. दुसऱ्या बसमधले एक गुजराती काका चुकून, किंवा डब्यांचा वास घेऊन, आमच्यात चढले होते. "रांगेत उभे होते, मी मोजले," प्रभाताई म्हणाल्या. मग त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या वयाने लहान, त्यामुळे फार गडबडल्या. "अहो, हे काय, हे काय," म्हणत काठी माझ्या अंगावर टाकून लिफ्टकडे पळाल्या.

ऑपरेशन थंडीत झालं. पाडव्याला वॉटफर्डच्या हॉलमध्ये आमची मंडळी जमली तेव्हा डॉक्टर कानामागे नवं यंत्र लावून आले होते. गर्दीत मी मागून हाक मारली आणि ते वळले! सुरुवातीला सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे यायचे, आता माणसं ओळखू येतात, म्हणाले. नातवाशी फोनवर बोलतात. सुधाकाकूंचा आवाज आता सतत ऐकू येतो, अशी तक्रारही झाली.

"आणि गाणं?" मी भीतभीत विचारलं.

"लावून बघितलं. उताराच्या जागी पायऱ्या ऐकू येतात. टक, टक, टक." ते बोलत होते आणि त्यांचा तळवा गुडघ्यावरून सरकत होता, कुठेही न अडखळता, पूर्वीसारखाच. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं.

तेवढ्यात श्रीखंडाच्या वाट्या घेऊन प्रभाताई आल्या आणि सवयीने ओरडल्या, "डॉक्टर! ऐकू येतंय का?"

"सगळ्या वॉटफर्डला येतंय."

"मग परत जाऊ वेगासला. त्या बाई अजून तिथेच आहेत, लेकीने सांगितलं."

डॉक्टरांनी वाटी घेतली, जरा विचार केला.

"जाऊ," ते म्हणाले. "पायऱ्या तर पायऱ्या. आता मला कुठेही बसवा. पहिल्या रांगेतसुद्धा चालेल."

प्रभाताईंनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, माझी रिकामी वाटी हवी आहे.

काठी हवी होती.